रस्त्यावरच्या रिले शर्यतीत क्लबचा संघ कसा उतरवावा

क्लबातल्या सहा जणांनी मिळून मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर वाटून धावायचे ठरवले की पहिले दोन आठवडे कोण किती पेसने, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटांत धावेल, याच्याच गप्पा रंगतात. त्या गप्पा निरुपयोगी नसतात. परंतु साताऱ्यातल्या आमच्या चाळीसएक जणांच्या क्लबचा संघ चार वेळा रिलेत उतरवल्यानंतर माझी वही उघडून पाहतो, तेव्हा गमावलेली मिनिटे जवळजवळ सगळी दोन टप्प्यांच्या सांध्यावर गेलेली दिसतात. पहिल्या वर्षी आमचा चौथा गडी ठरल्यापेक्षा तीन मिनिटे लवकर, पुढच्याच्या हाती द्यायचा पट्टा मुठीत धरून, धापा टाकत बदलाच्या रेषेवर येऊन उभा राहिला आणि पाचवा त्या वेळी फिरत्या शौचालयासमोरच्या रांगेत होता. त्याला हाका मारून आणेपर्यंत दोन मिनिटे चाळीस सेकंद गेले. पाच किलोमीटरच्या टप्प्यात तेवढा वेळ वाचवायचा तर दर किलोमीटरमागे बत्तीस सेकंद कमी करावे लागतात, आणि आमच्यासारख्या नोकरी-धंदा सांभाळून धावणाऱ्यांना त्यासाठी एखाददुसरे वर्ष सहज लागते. म्हणून पुढे धावण्याच्या सरावाविषयी थोडे आणि वाट पाहणे, उभे राहणे व हाती देणे यांविषयी जास्त लिहिले आहे.

आधी नियमपत्रिका

वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांत रस्त्यावरच्या मॅरेथॉन रिलेसाठी अनुक्रमे ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५ किलोमीटर असे सहा टप्पे सुचवलेले आहेत. वीस वर्षांखालील खेळाडूंच्या अर्धमॅरेथॉन रिलेसाठी ५, ५, ५ आणि ६.०९८ किलोमीटर असे चार. आपल्याकडचे संयोजक हाच साचा पाळतील असे नाही, चार जणांत अंतर सारखे वाटून देणारेही असतात. त्यामुळे प्रवेशिका भरण्याआधी नियमपत्रिका एकाने नव्हे, दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी. या लेखातली उदाहरणे सहा टप्प्यांच्या साच्यावर बेतलेली आहेत.

वाचताना सर्वांत आधी हे शोधावे की एकाने दुसऱ्याच्या हाती नेमके काय द्यायचे आहे. काही ठिकाणी बॅटन असते, काही ठिकाणी खांद्यावरून तिरपा घालायचा कापडी पट्टा असतो, काही ठिकाणी टायमिंग चिप बसवलेली वेल्क्रोची पट्टी मनगटावर किंवा घोट्यावर बांधलेली असते. संयोजकांनी वेगळे काही सांगितलेले नसेल, तर जागतिक नियमाप्रमाणे येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा प्रत्यक्ष स्पर्श झाला की बदल पूर्ण होतो. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण सगळा सराव त्यावर अवलंबून असतो. त्यानंतर बदली खेळाडूचे नाव कोणत्या दिवसापर्यंत देता येते, प्रत्येक बदलाच्या ठिकाणी कट-ऑफ, म्हणजे तिथे पोहोचण्याची शेवटची मुदत, किती वाजता आहे आणि क्लबचे वाहन त्या ठिकाणापर्यंत जाऊ शकते का, एवढे पाहून ठेवावे. एका खेळाडूने एकच टप्पा धावावा, हा नियम जवळपास सगळीकडे सारखा असतो. सहावा आलाच नाही म्हणून पहिल्यालाच पुन्हा पळवू, अशा भरवशावर राहू नये.

या प्रकाराचे माहेर जपान. १९१७ साली क्योटोहून टोकियोपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची पहिली मोठी शर्यत झाली. तिला दिलेले ‘एकिदेन’ हे नाव जुन्या टपालमार्गावरच्या ठाण्यांच्या व्यवस्थेवरून आले आहे. ठाण्याठाण्यावर थकलेला हरकारा टपाल पुढच्याच्या हवाली करायचा, ती पद्धत आपल्याकडेही होतीच. आणि शिवजयंतीला गडावरून ज्योत घेऊन गावी धावत येणारी मंडळे तर आपण लहानपणापासून पाहतो. आमच्या पहिल्या संघातल्या सहापैकी चौघांची पहिली रिले म्हणजे ती ज्योतच. मात्र त्या अनुभवाने आमची थोडी दिशाभूल केली, हेही सांगायला हवे. ज्योतीच्या मागे टेम्पो असतो, सगळी पोरे त्यात बसलेली असतात, पळणारा दमला की तो वर चढतो आणि ताजा गडी खाली उडी मारतो. म्हणजे पुढचा धावणारा कायम सोबतच असतो. रस्त्यावरच्या रिलेत तो पाच किंवा दहा किलोमीटर पुढे, अंधारात, अनोळखी गर्दीत एकटा उभा असतो आणि आपला माणूस आता कुठवर आला आहे, हे त्याला ठाऊक नसते. बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात.

कोण कोणता टप्पा धावणार

निवडीसाठी प्रत्येकाची पाच किलोमीटरची ताजी, मोजलेली वेळ हाताशी असावी. जिल्हा क्रीडा संकुलाच्या ४०० मीटर ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या घ्याव्यात आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यावे. मोबाइलच्या ॲपमधली ‘माझी सर्वोत्तम वेळ’ हा पुरावा धरू नये; ती बहुधा उताराची, तीन वर्षांपूर्वीची आणि मधल्या चहासाठी थांबवलेल्या घड्याळाची असते. त्या वेळेवरून दहा किलोमीटरचा अंदाज काढायला पीटर रिगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेले सूत्र पुरेसे आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी अधिक वाढते. पाच किलोमीटर २५ मिनिटांत धावणाऱ्याला दहा किलोमीटरला ५२ मिनिटे आठ सेकंदांच्या आसपास लागतील. आठवड्याला वीस किलोमीटरही न धावणाऱ्यासाठी या अंदाजात आणखी दोन-तीन मिनिटे घालावीत, कारण पायात बळ नसेल तर सातव्या किलोमीटरनंतर सूत्र साथ सोडते.

दमदार गडी लांब टप्प्यांवर घालावेत, यामागचे गणित साधे आहे. दोघांच्या पेसमध्ये किलोमीटरला तीस सेकंदांचा फरक असेल आणि वेगवान माणसाला दहाऐवजी पाचचा टप्पा दिला, तर संघ अडीच मिनिटे विनाकारण गमावतो. एवढे मान्य करूनही, फक्त आकड्यांवरून क्रम लावू नये, असे माझे मत आहे. पहिल्या टप्प्याला सर्वांत वेगवान माणूस देण्याचा मोह टाळावा. तिथे गर्दी असते, अंधार असतो, ढोल-ताशा वाजत असतो आणि उतावळा माणूस पहिला किलोमीटर वाऱ्यासारखा पळून चौथ्या किलोमीटरला चालू लागतो. तिथे शांत डोक्याचा, घड्याळ न पाहताही एकसारखा धावणारा हवा. नवख्या सदस्याला तिसरा किंवा पाचवा टप्पा द्यावा, म्हणजे त्याच्याकडे पट्टा आणणारा आणि त्याच्याकडून घेणारा, दोघेही मुरलेले असतात.

शेवटच्या टप्प्यावरून क्लबात रुसवेफुगवे होतात, कारण कमानीखालचा फोटो त्याच माणसाचा निघतो. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये, आणि फोटोसाठी कोणाला तो टप्पा देऊही नये. साडेपाचला सुटलेल्या शर्यतीचा सहावा गडी पावणेनऊच्या उन्हात धावायला सुरुवात करतो. तोवर संघांमधले अंतर इतके वाढलेले असते की मागे-पुढे कोणीही दिसत नाही. म्हणून तिथे ऊन सोसणारा आणि एकट्याने धावायची सवय असलेला माणूस लागतो. आमच्याकडे हे काम दुपारी शेतावरून आल्यावर यवतेश्वराच्या घाटात सराव करणारा एक सदस्य करतो. पाच किलोमीटरच्या चाचणीत तो संघात तिसरा असतो, पण शेवटच्या टप्प्याला त्याला पर्याय नाही.

बदली खेळाडू एक तरी असावाच, आणि त्याला कोणताही टप्पा धावावा लागेल असे गृहीत धरून त्याने सराव करावा. त्याला शर्यतीच्या दिवशी घरी झोपू देऊ नये. तो न धावल्यास बदलाच्या ठिकाणी त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नसतो.

वेळेचा तक्ता

संघाच्या व्यवस्थापकाचे मुख्य काम म्हणजे हा तक्ता. उदाहरणादाखल एक मध्यम ताकदीचा संघ घेऊ, ज्याच्या सहा टप्प्यांच्या अपेक्षित वेळा अनुक्रमे २५ मिनिटे, साडेबावन्न मिनिटे, ३० मिनिटे, ५५ मिनिटे, साडेबत्तीस मिनिटे आणि ३६ मिनिटे आहेत. शर्यत पहाटे ५.३० ला सुटली, तर बदल अनुक्रमे ५.५५, ६.४७, ७.१७, ८.१२ आणि ८.४५ ला होतील आणि संघ ९.२१ ला, म्हणजे तीन तास एकावन्न मिनिटांत पोहोचेल. अनेक संघ इथपर्यंत येतात आणि तक्ता झाला असे समजतात.

खरे काम यापुढे आहे. प्रत्येक बदलासाठी एक वेळ न लिहिता दोन लिहाव्यात, लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची. सुटल्यापासून गेलेल्या वेळेच्या चार टक्के अलीकडे आणि आठ टक्के पलीकडे, असे माप आम्ही वापरतो. ते आमच्या वहीतून आले आहे आणि प्रत्येक क्लबने आपले माप काढावे. पलीकडची बाजू मोठी आहे, कारण माणसे ठरल्यापेक्षा फार वेगाने क्वचित धावतात, पण पोटात कळ आल्याने किंवा पिंढरी आखडल्याने फार हळू मात्र पुष्कळदा धावतात. या मापाने दुसऱ्या गड्याला ५.५४ ते ५.५७ अशी अवघी तीन मिनिटे लक्ष ठेवायचे असते, तर सहाव्याला ८.३७ ते ९.०१ अशी चोवीस मिनिटे. पहिल्या बदलासाठी जो निष्काळजीपणा खपून जातो, तो शेवटच्या बदलाला खपत नाही, हे या आकड्यांवरून कळते. आमचा रांगेत अडकलेला पाचवा गडी तक्त्यातली ८.१२ ची वेळ पाठ करून निवांत होता. त्याला ८.०६ पासून तयार राहा असे सांगायला हवे होते, आणि ते सांगणे माझे काम होते.

मोठ्या शर्यतीत मागच्या रांगेतल्या पहिल्या गड्याला सुटण्याची रेषा ओलांडायलाच दोन-तीन मिनिटे लागतात, ती तक्त्यात सुरुवातीलाच मिळवावीत. प्रत्येक बदल झाला की तिथे उभ्या असलेल्या क्लबच्या मदतनिसाने प्रत्यक्ष वेळ व्यवस्थापकाला फोनवर कळवावी आणि त्याने पुढच्या सर्व वेळा तेवढ्याने सरकवून पुढच्या ठिकाणी सांगाव्यात. संदेश पाठवून स्वस्थ बसू नये, समोरच्याने ‘मिळाला’ असे म्हणेपर्यंत तो पोहोचला नाही असे धरावे. घाटात नेटवर्क जाते, म्हणून तक्त्याची पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत प्रत्येक ठिकाणी असावी. धावणाऱ्याने आपला मोबाइल बदलाच्या आधी मदतनिसाकडे दिलेला असतो, तेव्हा फोन मदतनिसाच्या क्रमांकावर लावायचा असतो, ही गोष्ट ऐनवेळी हमखास विसरली जाते.

हाती देणे

बदलाच्या ठिकाणी रस्त्यावर आडवी रेषा असते आणि तिच्या दहा मीटर अलीकडे व दहा मीटर पलीकडे अशाच दोन रेषा असतात. जागतिक नियमांप्रमाणे बदल या वीस मीटरांच्या आत पूर्ण व्हावा लागतो. किलोमीटरला पाच मिनिटांच्या वेगाने येणारा माणूस हे वीस मीटर सहा सेकंदांत पार करतो. ट्रॅकवरच्या चार गुणिले शंभर मीटर रिलेसारखे मागे न पाहता हात पसरून बॅटन घेण्याचे कसब इथे नको. पुढच्याने मधल्या रेषेजवळ येणाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, तो पाच-सहा पावलांवर आला की वळून हलके पळू लागावे आणि पट्टा हातात घेऊनच वेग धरावा.

कापडी पट्टा असेल तर आणणाऱ्याने तो शेवटच्या दोनशे मीटरांत खांद्यावरून काढून दोन्ही हातांत ताणून धरावा. जपानी धावपटू हेच करतात, आणि एकदा करून पाहिले की कारण समजते. लोंबता पट्टा घेणाऱ्याच्या बोटांत नीट येत नाही, ताणलेला पट्टा मुठीत सहज बसतो. घेणाऱ्याने तो लगेच अंगात घालण्याची खटपट करू नये. आधी पन्नास मीटर पळावे, गर्दीतून बाहेर पडावे आणि मग डोक्यातून घालून सैल टोक चड्डीत खोचावे.

घोट्यावरची वेल्क्रोची चिप ही माझी नावडती व्यवस्था आहे. दहा किलोमीटर जीव तोडून आलेला माणूस वाकतो तेव्हा त्याला गरगरते, हात थरथरत असतात आणि वेल्क्रोचा काटेरी भाग मोज्याच्या दोऱ्यांत असा गुंततो की ओढले तर मोजाच ताणून वर येतो. आमच्या एका सदस्याने अशा वेळी रस्त्यावर बसकण मारली आणि त्याला उठवायला दोघे लागले. यावर उपाय असा की, आलेल्याने वाकूच नये. त्याने मदतनिसाच्या खांद्यावर हात ठेवून पाय थोडा पुढे करावा, पुढच्या गड्याने गुडघ्यावर बसून पट्टी सोडवावी आणि स्वतःच्या घोट्यावर बांधावी. मोजा घोट्याच्या खाली राहील असा आखूड घालावा. मदतनिसाला आत उभे राहू देतात का, हे आधी विचारावे. देत नसतील तर आलेल्याने कठड्याचा आधार घ्यावा. क्लबच्या मैदानावर आम्ही हा बदल स्टॉपवॉच लावून केला तेव्हा पहिल्या प्रयत्नाला एकवीस सेकंद लागले आणि दहाव्याला नऊ.

येणाऱ्याला ओळखणे हा वेगळाच प्रश्न आहे. जानेवारीत साताऱ्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे वरच्या तक्त्यातला पहिला बदल अंधारात आणि दुसरा जेमतेम उजाडताना होतो. पोपटी टी-शर्ट आता इतक्या क्लबांचा आहे की त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. बदलाच्या रेषेच्या तीनशे मीटर अलीकडे एक माणूस उभा करावा. त्याने आपला गडी दिसताच फोन करावा किंवा ठरलेल्या पद्धतीने शिट्टी वाजवावी. पाचच्या पेसने येणाऱ्याला तिथून रेषेपर्यंत नव्वद सेकंद लागतात. जॅकेट काढायला, बुटाची नाडी पाहायला आणि रेषेवर जाऊन उभे राहायला तेवढा वेळ पुष्कळ आहे. संयोजकांचे कार्यकर्ते चेस्ट नंबर पुकारतात तेव्हा ती जास्तीची सोय समजावी.

आणणाऱ्यालाही एक गोष्ट बजावून सांगावी. रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर सर्वांत जवळच्या वाटेने, कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरून मोजलेले असते आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरलेला असतो. आपण वळणे रुंद घेतो, शिवाय घड्याळाच्या जीपीएसची चूक असते, त्यामुळे घड्याळात दहा किलोमीटर पूर्ण होतात तेव्हा रेषा अजून शंभर-दीडशे मीटर पुढे असते. घड्याळ पाहून शेवटचा जोर लावणारे त्या शंभर मीटरांत कोसळतात. रेषा डोळ्यांनी दिसेपर्यंत वेग तोच ठेवावा.

थांबण्याची तालीम

आठ आठवड्यांच्या सरावात वेगाची आणि लांब पल्ल्याची धाव नेहमीसारखीच राहू द्यावी. त्यावर प्रत्येक क्लबकडे पुरेसे ज्ञान आणि त्याहून अधिक मते असतात. रिलेसाठी म्हणून जी भर घालायची ती दोन प्रकारची. पहिली म्हणजे एकट्याने धावणे. रविवारच्या घोळक्यात गप्पा मारत ज्याचा पेस सुधारतो, त्याला मोकळ्या रस्त्यावर तो सापडत नाही. त्यामुळे दर आठवड्याला एक धाव प्रत्येकाने पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुटून एकट्याने करावी.

दुसरी भर म्हणजे उशिरा धावणे. शर्यतीआधीच्या दोन रविवारी सगळ्यांनी साडेपाचला यावे, पण प्रत्येकाने आपल्या टप्प्याच्या वेळेलाच धावावे. पाचव्या आणि सहाव्या गड्याला मग अडीच-तीन तास कट्ट्यावर बसावे लागते. ते कंटाळतात, थंडीने आखडतात, भूक लागली म्हणून काहीबाही खातात आणि त्याच अवस्थेतून उठून धावतात. शर्यतीत हेच होणार असते. इथे चुकले तर शिकायला अजून एक रविवार शिल्लक असतो. आमच्या पाचव्या गड्याला या तालमीतच उमगले की साडेसातला चहा घेतला तर आठला त्याला शौचालय गाठावे लागते. चहा पावणेसातला सरकवला आणि प्रश्न मिटला.

शर्यतीची पहाट

वाहनाची आखणी आदल्या रात्री कागदावर करावी. रस्ते पहाटेच बंद होतात, म्हणून चौथ्या ते सहाव्या गड्यांनाही पहिल्याइतकेच लवकर निघावे लागते. वाहन बंद रस्त्याच्या कोणत्या बाजूला अडकेल, हे आदल्या दिवशी चालवून पाहावे. आम्ही एकदा चुकीच्या बाजूला राहिलो आणि तिसऱ्या गड्याला बदलाच्या ठिकाणी पोहोचायला दोन किलोमीटर चालावे लागले. तो त्याला ‘वॉर्म-अप’ म्हणत होता, मी काही म्हणालो नाही. धावणाऱ्याच्या सोबत मोटारसायकल किंवा सायकल चालवू नये. ती बाहेरची मदत ठरून संघ बाद होऊ शकतो.

कपड्यांचा गुंता लक्षात यायला आम्हाला दोन वर्षे लागली. दुसऱ्या गड्याने आपले जॅकेट पहिल्या बदलाच्या ठिकाणी काढलेले असते आणि धावून झाल्यावर त्याला ते दुसऱ्या बदलाच्या ठिकाणी, दहा किलोमीटर पुढे लागते. घामाने भिजलेला माणूस पहाटेच्या वाऱ्यात उघडा उभा राहतो आणि त्याची पिशवी बंद रस्त्यापलीकडच्या गाडीत असते. आता आम्ही साधी युक्ती करतो. जाणारा आपले जॅकेट काढून मदतनिसाकडे देतो आणि तेच जॅकेट नुकत्याच आलेल्याच्या अंगावर चढते. पट्टा पुढे जातो, जॅकेट मागच्याला मिळते. फक्त सगळी जॅकेटे मोठ्या मापाची आणावी लागतात, आणि कोणाच्या जॅकेटला किती दिवसांचा वास आहे यावर नंतर चर्चा होते.

खाण्याचे वेळापत्रक टप्प्यानुसार वेगळे ठेवावे. पहिल्या दोघांनी उठल्याबरोबर एक केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू एवढेच घ्यावे. पाचव्या-सहाव्याने तेवढ्यावर राहिल्यास धावण्याच्या वेळी पोट रिकामे असते, म्हणून त्यांनी साडेपाच-सहाच्या सुमारास ब्रेड-जॅम किंवा थोडा उपमा खावा आणि धावण्याआधी तासभर काही खाऊ नये. पाणी घोट घोट घ्यावे. वाट पाहताना केवळ कंटाळा म्हणून बाटल्या रिचवू नयेत. मिसळीचे नाव निकालानंतर काढावे.

वॉर्म-अप लवकरात लवकरच्या वेळेआधी वीस मिनिटे सुरू करावा आणि येणारा लांबला तरी बसू नये. दर चार-पाच मिनिटांनी शंभर मीटर हलके पळून पुन्हा रेषेजवळ यावे. शौचालयाला जायचे असेल तर वॉर्म-अपच्या आधी जावे, आणि मदतनिसाला सांगून जावे. हा आमच्या क्लबचा एकमेव लेखी नियम आहे.

पट्टा दिल्यानंतर आलेल्याला लगेच बसू देऊ नये. धावताना पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की ते पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मदतनिसाने त्याला दंडाला धरून पाच-सात मिनिटे चालवावे आणि तो नाव-गाव नीट सांगतो आहे याची खात्री करावी. उन्हातल्या टप्प्यानंतर कोणी असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी वैद्यकीय पथकाला बोलवावे. शर्यत तिथेच सोडून देण्याचा अधिकार मदतनिसाला आधीच दिलेला असावा, म्हणजे त्याला कोणाला फोन करून विचारत बसावे लागत नाही.

निकालानंतर

निकाल लागला की प्रत्येक टप्प्याची वेळ आपल्या तक्त्याशी ताडून पाहावी. जागतिक नियमांत निकालाबाबतचा आक्षेप तो अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत नोंदवायचा असतो. स्थानिक शर्यतीतही मुदत अशीच आखूड असण्याची शक्यता असते, म्हणून फोटो काढण्याआधी हे काम उरकावे. चिपने एखादा बदल नोंदवलाच नसेल तर मदतनिसाच्या पुठ्ठ्यावरची वेळ आणि चेस्ट नंबर दिसणारा फोटो उपयोगी पडतो.

त्याच आठवड्यात सगळ्यांनी बसून वहीत दोन रकाने भरावेत. एकात धावण्याची वेळ आणि दुसऱ्यात पट्टा रेषेवर पोहोचल्यापासून पुढच्या हातात जाईपर्यंतचे सेकंद. आमच्या वहीत दुसऱ्या रकान्याची पाच बदलांची बेरीज पहिल्या वर्षी चार मिनिटे दहा सेकंद होती आणि चौथ्या वर्षी एकतीस सेकंद. त्या एकतिसांतले चौदा एकट्या चौथ्या बदलाचे आहेत. तिथे उताराच्या टोकाला पट्टा आणणारा फार वेगात येतो आणि पुढचा त्याला पाहून एक पाऊल मागे सरकतो. येत्या रविवारी दोघांना घाटाच्या पायथ्याशी बोलावले आहे.